आपलीच गेली का सगळ्यांची?

एप्रिलातली दुपार, सांगलीच्या मार्केट यार्डातल्या पेढीवर सगळे जेवून जरा आडवे झालेले, मी आपला हळदीच्या पट्ट्या, म्हणजे विक्रीचे हिशेब, एक्सेलमध्ये चढवत बसलेलो आणि लॅपटॉप टपकन बंद. निळी स्क्रीन नाही, सूचना नाही, काही नाही. मी काय केलं तर मान वर करून पंख्याकडे बघितलं. पंखा फिरत होता. म्हणजे लाईट आहे. आणि खरं सांगतो, मला जरा वाईटच वाटलं. लॅपटॉपला बॅटरी असते, लाईट गेल्यानं तो बंद पडत नाही हे कळतं हो, पण नजर आधी पंख्याकडेच जाते त्याला काय करणार.

लोडशेडिंगमध्ये वाढलेल्या माणसाला विचारा. २००५ च्या पुढची ती दोन-चार वर्षं, दहावीचा अभ्यास, आणि लाईट गेली की अख्ख्या चाळीतून एकच प्रश्न, "आपलीच गेली का सगळ्यांची?" मग कोणीतरी गॅलरीत जाऊन समोरच्या बिल्डिंगकडे बघून यायचं आणि "सगळ्यांची गेलीय" म्हणायचं, की आई निवांत पदरानं वारा घेत बसायची. सगळ्यांची गेली म्हणजे आपला काही दोष नाही, बिल भरलंय, आता एमएसईबी बघून घेईल. आपलीच गेली असली तर मात्र घरात एकदम गंभीर वातावरण.

कारण मग बाबा स्टुलावर चढणार. टॉर्च धरायचं काम माझ्याकडं, आणि "माझ्या डोळ्यात नको, तिकडं धर" हे वाक्य ठरलेलं. फ्यूजचं ते पांढऱ्या चिनीमातीचं किटकॅट खेचून काढलं की त्याच्या पोटात काळा डाग आणि वितळलेल्या तारेचा एवढासा मणी. बाबा स्क्रू ढिले करून नवी तार घालायचे, एकच पदर, बारीक, स्क्रूभोवती एक वेढा देऊन उरलेली तोडायची. शेजारचे काका मात्र सरळ वायरीतल्या तांब्याच्या चार-पाच तारा पिळून घालायचे आणि वर सांगायचे, आमचा फ्यूज जातच नाही कधी. बाबा घरात येऊन म्हणायचे, "फ्यूज नाही जाणार, एक दिवस घर जाईल." मला तेव्हा काकाच हुशार वाटायचे.

तर लॅपटॉप. तो दिवसातनं तीन-चारदा जायला लागला आणि ज्याला सांगावं तो म्हणतो फॉरमॅट मार. आपल्याकडं कशालाही फॉरमॅट मारा म्हणतात, माणसालासुद्धा म्हणतील. मी इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडून बघितलं, तिथं लाल खूण, कर्नल-पॉवर, ४१. त्याचा अर्थ काढला तर, सिस्टीम आधी नीट बंद न होता परत चालू झाली. अरे हे मलाही माहितीये, मी समोरच बसलोवतो! का गेली ते लिही की. तर ते नाही, कारण जाताना लिहायला वेळच मिळालेला नसतो बिचाऱ्याला, आणि ही नोंद तो परत उठल्यावर करतो.

मग परत तोच चाळीतला प्रश्न, फक्त पेटीच्या आतला. नुसत्या बॅटरीवर तीस-चाळीस टक्के असताना जातोय आणि चार्जर लावल्यावर टिकतोय, तर बॅटरी संपलीय. माझा दोन्हीकडं जात होता, आणि मोठी फाईल उघडून फॅन घोंघावायला लागला की हमखास. हात लावला तर खालनं चटका. टेम्परेचर दाखवणारं एक फुकटचं सॉफ्टवेअर टाकलं, आकडा बघता बघता नव्वदीच्या पुढं गेला. प्रोसेसर आधी आपला वेग कमी करून बघतो, तरी भागलं नाही की शंभर डिग्रीच्या आसपास स्वतःच सगळं तोडून टाकतो. जळण्यापेक्षा विझलेलं बरं.

दुरुस्तीवाल्या पोरानं मागचं झाकण काढलं आणि माझ्याकडं बघून म्हणाला, "मार्केट यार्डात बसता काय ओ?" फॅन आणि उष्णता बाहेर टाकणाऱ्या त्या धातूच्या पट्ट्यांच्या मधे धुळीचा जाड नमदा बसलेला, चक्क पिवळा. हळदीचे सौदे, पोती आपटणं, सगळं त्या फॅननं सालोसाल ओढून घेतलेलं. पोरानं फॅनमध्ये काडी अडकवली, नाहीतर ब्लोअरच्या हवेनं तो भलताच गरागरा फिरून बिघडतो म्हणे, आणि मग हवा मारली. दुकानात हळदीकुंकवाचा वास. प्रोसेसरवरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळून खपली झालेली, ती खरवडून नवी लावली. झालं. आता जात नाही.

सगळ्यांची गेली की बरं वाटायचं हे मात्र २०१९ च्या ऑगस्टपर्यंतच. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट, त्या महापुरात पाणी ५७ च्या वर गेलं. गावभागातल्या मावशीच्या घरी आम्ही वरच्या मजल्यावर होतो, लाईट मुद्दामच बंद केलेली, पाण्यात करंट उतरू नये म्हणून, आणि गॅलरीतनं बघावं तिकडं सगळ्यांचीच गेलेली. कोणी वारा घेत बसलं नाही. मोबाईल बंद करून ठेवायचे, तासातनं एकदा चालू करून भावाला जिवंत असल्याचा मेसेज टाकायचा आणि परत बंद.

अजूनही ऑगस्टमध्ये लाईट गेली तर मी समोरच्या बिल्डिंगकडं बघत नाही. कोयना धरणातनं किती क्यूसेक पाणी सोडलंय ते आधी बघतो.