पारव्याची फणी

होळी झाली की कूलरवरचं प्लास्टिक काढायचं, हा नागपुरातल्या महाल भागातल्या आमच्या घराचा नेम. यंदा काढलं तर स्टँडवर चार काड्या आणि त्यावर पारव्याची मादी, पोटाखाली दोन अंडी. आई म्हणाली, "राहू दे, अठरा दिवसांचाच तर प्रश्न आहे." पुढे पिल्लं उडेस्तोवर आणखी महिना लागतो, हे तिनं सोयीनं गिळलं. बाजूच्या काकू म्हणाल्या, "अवो, त्याच्या उवा पोट्ट्यांच्या डोक्यात जातीन ना!"

नाही जात. खाली पडलेलं पंखाचं एक पीस मी उन्हात धरून पाहिलं. पिसाच्या दोन तंतूंमधल्या फटीत एक रेघ. नखानं डिवचली तर चालू लागली! अडीच-तीन मिलिमीटरची, सुतासारखी. स्वीडनच्या लिनियस या निसर्गशास्त्रज्ञानं १७५८ मध्येच पारव्याच्या या उवेची नोंद केली. आज शास्त्रीय नाव कोलंबिकोला कोलंबी. ही रक्त पीत नाही, पिसं कुरतडते. तीही पंखाची नाही, अंगावरची मऊ पिसं. म्हणजे राहायला महालात आणि डबा धरमपेठेत. पारवा पंख साफ करू लागला की ही तंतूंच्या मधोमध अशी आडवी होते की चोचीला सापडतच नाही. दुसऱ्या पारव्यावर जायचं असेल तर पारव्यांवरच्या माशीचा पाय धरायचा. लिफ्ट मागायला लाज कसली?

पण पारवाही कच्चा नाही. त्याच्या वरच्या चोचीचं टोक खालच्या चोचीपुढे मिलिमीटर-दोन मिलिमीटर आलेलं असतं. अमेरिकेत युटा विद्यापीठातल्या संशोधकांनी ते टोक छाटून पाहिलं. दाणे टिपायला काही अडलं नाही, उवा मात्र भराभर वाढल्या. म्हणजे ते टोक ही त्याची फणी.

आमच्या आजीचीही एक फणी होती, लाकडाची, बारीक दात्यांची. रविवारी दुपारी तिच्या गुडघ्यांत मान अडकली की सुटका नसे. लीख सापडली की दोन अंगठ्यांच्या नखांमध्ये 'टच्' असा आवाज, आणि "हे पाय!" म्हणून तो पुरावा आमच्या नाकासमोर.

ही मादी काल दुपारी तशीच बसली होती. पंख पसरून एकेक पीस चोचीतून ओढत, मध्येच थांबून काहीतरी गिळत. पारा बेचाळीसवर. आम्ही आत टेबलफॅनसमोर, ओला टॉवेल अंगावर घेऊन.