मोटर बसवलेल्या सायकलवर नाशिक ते त्र्यंबक, आणि इंजिनाचे ढिले पडणारे बोल्ट

महिरावणी मागे पडली आणि इंजिनाचा आवाज एकाएकी चढला. थ्रॉटल तेवढाच होता, पण सायकल मंदावत चालली होती. आधी वाटलं क्लच गेला. बाजूला थांबून हात लावला, तर इंजिन खालच्या प्लेटसकट डुलत होतं. मागच्या क्लॅम्पचा एक नट बोटाने फिरत होता आणि दुसरा जागेवर नव्हताच. घरून निघून तासही झाला नव्हता.

सायकल साधी, स्टीलच्या फ्रेमची. इंजिन ब्रश कटरचं, चार स्ट्रोक, २५ सीसी. आमच्याकडे द्राक्षबागेत गवत कापायला वापरतात तेच. सीटच्या मागे, फ्रेमच्या नळीला क्लॅम्पने आवळलेल्या ५ मिलिमीटरच्या लोखंडी प्लेटवर ते बसवलंय आणि क्लचपुढचा २५ मिलिमीटरचा रोलर मागच्या टायरवर दाबून चाक फिरवतो. २५ सीसी मुद्दाम निवडलं. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम २(२८) प्रमाणे चारपेक्षा कमी चाकांचं आणि २५ सीसीपर्यंतच्या इंजिनाचं वाहन ‘मोटार वाहन’ या व्याख्येत येत नाही. फ्रेमच्या त्रिकोणात बसणारे ६० किंवा ८० सीसीचे टू-स्ट्रोक किट मात्र येतात. ते घेऊन हमरस्त्यावर उतरायचं ठरवत असाल तर आधी याचा विचार करा. हेल्मेट तर मी २५ सीसीलाही घालतोच.

रोलरची पकड केवळ दाबावर असते. प्लेट दोन मिलिमीटर वर उचलली गेली तरी रोलर टायरवर घसरतो, इंजिनाचे फेरे वाढतात आणि वेग उतरतो. म्हणून आवाज चढला आणि गती पडली, की क्लचकडे बघण्याआधी बोल्टला हात लावायचा. अंजनेरी फाट्याआधी एका पंक्चरवाल्या काकांनी डब्यातून शोधून एक नट दिला, पैसे घेतले नाहीत. “भाऊ, यावर त्र्यंबकला जाऊ नको, घरी जा,” म्हणाले. ऐकलं. रोलर टायरवरून उचलून बांधला आणि पायडल मारत परत आलो.

मामा सातपूर एमआयडीसीत आयुष्यभर फिटर होते. संध्याकाळी सायकल त्यांच्या अंगणात उभी केली. त्यांनी क्लॅम्प खोलला, फ्रेम आणि क्लॅम्पच्या मध्ये घातलेली ट्यूबची रबरी पट्टी बाहेर ओढली आणि म्हणाले, “तू बोल्ट आवळलाच नाहीस, रबर आवळलंस.”

ती पट्टी मी मोठ्या हौसेने घातली होती. रंग खरवडू नये, कंप कमी व्हावा म्हणून. चूक नेमकी तिथेच होती. बोल्ट आवळतो तेव्हा तो किंचित ताणला जातो आणि त्या ताणामुळे दोन्ही भाग एकमेकांवर घट्ट दाबून राहतात. मध्ये रबर असलं की ते तापतं, चेपतं, हळूहळू बाजूला सरकतं आणि ताण निघून जातो. नट एक अंशही न फिरता जोड ढिला होतो. जाड रंगाचा थरही थोडंफार हेच करतो. मग जोड आडवा घसरायला लागतो, आणि नट फिरायला सुरुवात होते ती त्यानंतर. जर्मन अभियंता गेरहार्ड युंकर यांनी १९६९ मध्ये चाचण्या घेऊन हेच दाखवलं: बोल्टच्या लांबीच्या दिशेने बसणाऱ्या धक्क्यांपेक्षा आडव्या घसरण्याने नट कितीतरी लवकर सुटतो. ६,००० आरपीएमला इंजिन सेकंदाला १०० फेरे मारतं. त्र्यंबकपर्यंतच्या साधारण दीड तासात ते पाच लाखांवर जातात. प्रत्येक फेऱ्याला जोड केसभर जरी हलला तरी नट उतरणारच.

म्हणून मी ‘अजून जोर लावून आवळ’ हा उपाय सोडला. सायकलच्या नळीची भिंत पातळ असते. जास्त आवळलं तर नळी चेपते आणि जोड आणखीच बिघडतो.

मामांच्या सांगण्यावरून जे केलं ते असं. रबर काढून तिथे ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याची पट्टी घातली. रंगही वाचतो आणि पट्टी चेपून सरकत नाही. जुने आखूड बोल्ट बदलून ८.८ ग्रेडचे (जास्त मजबूत पोलादाचे) एम८, म्हणजे ८ मिलिमीटर जाडीचे बोल्ट घेतले (डोक्यावर ८.८ कोरलेलं असतं, ते बघूनच घ्या) आणि तेही लांब. क्लॅम्पच्या बाहेर जाड पाइपचा २५ मिलिमीटरचा तुकडा बुशसारखा घालून बोल्टची लांबी वाढवली. हे मला आधी अजिबात पटत नव्हतं. पण लांब बोल्ट आवळताना जास्त ताणला जातो, म्हणून जोड थोडा बसला, म्हणजे दबून किंचित चेपला, तरी त्यातला बराच ताण शिल्लक राहतो. आखूड बोल्टचा ताण तेवढ्याच बसण्याने जवळजवळ संपतो. सगळ्या बदलांत मला हाच सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि पाइपच्या तुकड्याला खर्च असा काहीच नाही.

स्प्रिंग वॉशर काढून टाकले. बोल्ट पूर्ण आवळला की स्प्रिंग वॉशर सपाट होतो आणि साध्या वॉशरइतकंच काम करतो. नासाच्या १९९० च्या फास्टनर पुस्तिकेतही हेच लिहिलंय. त्यांच्या जागी जाड सपाट वॉशर आणि नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेले) लावले. पण सायलेन्सरजवळ नायलॉक लावू नका. आतलं नायलॉन साधारण १२० अंशांपर्यंतच टिकतं. तिथे पूर्ण धातूचा लॉकनट घ्या. एकदा खोललेला नायलॉक पुन्हा वापरू नका.

इंजिनाच्या ॲल्युमिनियम बॉडीत जाणाऱ्या चार एम६ बोल्टना नट नसतो. तिथे निळं थ्रेडलॉकर, म्हणजे आट्यांना धरून ठेवणारा डिंक, लावलं. लाल नको, ते पुढे तापवल्याशिवाय सुटत नाही. आटे आधी ॲसिटोनने पुसून कोरडे करा. तेलकट आट्यांवर ते नीट धरत नाही. लावल्यावर २४ तास इंजिन सुरू करू नका. मला घाई होती, तरी तो एक दिवस मी थांबलो.

टॉर्क रेंच (किती जोराने आवळलं ते मोजणारा पाना) नसेल तर घरचा स्प्रिंगकाटा चालतो. पान्यावर बोल्टच्या मध्यापासून २० सेंटिमीटर अंतरावर काटा अडकवून काटकोनात ओढायचा. ५ किलो दाखवलं की साधारण १० न्यूटन-मीटर, ७.५ किलोला १५. क्लॅम्पचे एम८ मी १५ वर थांबवले. तो बोल्ट याहून बराच जास्त सोसतो, पण नळी सोसत नाही. बॉडीतले एम६ आठच्या आसपास ठेवले, कारण ॲल्युमिनियमचे आटे लगेच उपटतात.

मग प्रत्येक नटावरून खालच्या प्लेटपर्यंत पांढऱ्या नेलपॉलिशची एकसंध रेघ ओढली. नट फिरला की रेघ तुटते आणि न वाकताही दिसते. पण जोड नुसता बसला असेल तर रेघ काही सांगत नाही. त्यासाठी पाना लावूनच बघावं लागतं.

दुसऱ्या वेळी पहाटे सहाला निघालो. सातपूरला कारखान्यांची पाळी बदलायच्या आत तिथून बाहेर पडलेलं बरं, बसगाड्यांच्या मध्ये सायकलला जागा उरत नाही. सोमवार आणि श्रावण टाळा. इंजिन दहा मिनिटं तापवून थंड होऊ दिलं आणि बोल्ट पुन्हा तपासले. मागच्या क्लॅम्पचा एक नट पाव फेरा आत गेला. म्हणजे निघायच्या आधीच जोड बसला होता. ही पहिली तपासणी कुणीही चुकवू नये. पुढची पिंपळगाव बहुल्याला, तिसरी अंजनेरी फाट्यावर चहा घेताना. दोन्ही वेळी रेघा शाबूत. पंक्चरवाल्या काकांचं दुकान अजून उघडलं नव्हतं, म्हणून येताना थांबून त्यांना नवे दोन नट दिले.

पेगलवाडीनंतर चढावर पायडल मारत राहा. इंजिनावर सगळा भार टाकला की ते खालच्या फेऱ्यांवर थडथडतं, आणि बोल्टला त्याचाच त्रास जास्त. ब्रह्मगिरीवर ऊन यायच्या वेळेला त्र्यंबकमध्ये पोचलो. सायकल कुशावर्तापासून लांबच लावली, गल्ल्यांत गर्दी असते आणि गरम सायलेन्सरला कुणाचा हात लागायला नको. सोबत १० आणि १३ चे पाने, दोन नायलॉक, दोन वॉशर आणि थोडी बांधायची तार ठेवा. यापलीकडे काही लागलं नाही.

परतल्यावर सगळं पुन्हा पान्याने तपासलं. क्लॅम्प जसेच्या तसे होते. क्लचच्या बाजूच्या एका एम६ वरची रेघ मात्र केसभर सरकली होती. तो बोल्ट काढला तर आट्यांवर तेलाचा ओशटपणा होता. पुसताना माझ्याकडूनच राहिला होता. पुसून, थ्रेडलॉकर लावून पुन्हा बसवलाय. उद्या संध्याकाळपर्यंत सायकल अंगणातच उभी राहील.