तुम्ही विचारलंत म्हणून: कुठला गॅस घेऊ?

"काका, मॅपचा कॅन घेऊ, एलपीजी-ऑक्सिजनचा सेट घेऊ, की डीए?" आयटीआयमधून नुकतीच बाहेर पडलेली मुलं हे हमखास विचारतात. एसीचे तांब्याचे पाइप ब्रेझिंग करायला, म्हणजे फटीत रॉड वितळवून जोडायला, टॉर्चमध्ये कुठला गॅस बरा, एवढाच प्रश्न. मी उलट विचारतो, पाइप किती सुताचा आणि जोड आहे कुठे?

घरगुती स्प्लिट एसीची बारीक लाइन दोन सुताची, म्हणजे पाव इंची. जाड लाइन तीन ते पाच सुताची. एवढ्याला मॅपचा कॅन, म्हणजे हातात मावणारा जळाऊ गॅसचा छोटा डबा, पुरतो, पण घरात. जुलैत डोंबिवलीला सहाव्या मजल्यावर, खिडकीबाहेर वाकून आउटडोअरचा जोड मारत होतो. कॅनची ज्योत नुसत्या हवेवर जळते. वारा ती सारखी वाकवत होता, पाइप लाल होईच ना. फॉस्फरसवाला रॉड वितळायला 700 अंशांच्या वरची उष्णता लागते. तेवढी कुठली मिळायला? रॉडच्या गोळ्या होऊन पाइपावर चिकटल्या, अर्धा कॅन संपला आणि खाली मालकीणबाई चहा गार झाला म्हणून हाका मारतायत.

डीए म्हणजे ॲसिटिलिन. ऑक्सिजनबरोबर त्याची ज्योत 3000 अंशांच्या वर जाते आणि तांबं 1085 ला वितळतं. शिकत होतो तेव्हा कंडेन्सरच्या, म्हणजे एसीच्या बाहेरच्या जाळीच्या, यू-बेंडवर क्षणभर जास्त थांबलो, जोड राहिला बाजूला आणि बेंडलाच भोक पडलं. उस्ताद काही बोलले नाहीत, फक्त टॉर्च काढून घेतला. जाड लाइनवर, सरावलेल्या हातात डीए झकास चालतो. पण त्याच्या सिलिंडरमध्ये ॲसिटोन असतं, त्यामुळे तो उभाच ठेवावा लागतो. स्कूटरवर पायाशी आडवा टाकून नेणारे बघितलेत मी. तसं करू नका.

माझं रोजचं काम एलपीजी आणि ऑक्सिजनवर चालतं. ही ज्योत पसरट तापवते, एका जागी टोचत नाही. टॉर्च जोडाभोवती फिरवत राहायचा, आधी आतला पाइप, मग बाहेरचा. तांबं काळवंडतं, मग गडद लाल होतं. त्या क्षणी ज्योत जराशी मागे घेऊन रॉड पलीकडच्या बाजूने टेकवायचा. रॉड पाइपाच्या उष्णतेने वितळला पाहिजे, ज्योतीने नाही. मग तो फटीत आपोआप ओढला जातो आणि जोडाभोवती बारीक चकचकीत कडं दिसतं. सिलिंडर मात्र धंद्यासाठी मिळणारा 5 किलोचा घ्या. घरचा 14.2 किलोचा लाल सिलिंडर धंद्याला वापरायची परवानगी नाही.

गॅस कुठलाही घ्या, ब्रेझिंग करताना पाइपातून नायट्रोजन हळू सोडत राहा. नाहीतर आत काळी खपली धरते आणि पुढे कॅपिलरी, म्हणजे एसीतली केसासारखी बारीक नळी, तुंबते. लाइनमधला रेफ्रिजरंट, म्हणजे एसीतला थंडाव्याचा गॅस, आधी काढून घ्यायचा, त्यातला आर-32 तर पेट घेतो.

आणि एक, हे कुणी विचारत नाही. आपले हात कॉम्प्रेसरच्या तेलाने सदा माखलेले. ऑक्सिजनच्या रेग्युलेटरला तेल लागलं तर भडका उडू शकतो. माझ्या पिशवीत एक कोरं फडकं वेगळं असतं, ऑक्सिजनची चावी लावायच्या आधी हात पुसायला. परवा पोराने त्याने डबा पुसला, तर मी ते तिथेच कचऱ्यात टाकलं.