संमेलनाला गेले आणि पान ४३ खोडून आले

रजेच्या अर्जावर कारण म्हणून ‘घरगुती’ लिहिलं. ‘साहित्य संमेलन’ लिहिलं असतं तर शाखेत चहाच्या वेळी आठवडाभर तोच विषय झाला असता आणि शेवटी कुणीतरी विचारलंच असतं, ‘मॅडम, नवीन पुस्तक कधी?’ या प्रश्नाला माझ्याकडे सात वर्षांपासून उत्तर नाही. २०२४च्या फेब्रुवारीत २, ३ आणि ४ तारखेला अमळनेरला ९७वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन होतं. शुक्रवार ते रविवार. त्यातला शनिवार नेमका महिन्यातला पहिला निघाला, म्हणजे बँक चालू. परतीचा सोमवार धरून तीन रजा गेल्या.

मला कुणी बोलावलं नव्हतं, हे आधीच सांगून टाकते. माझ्या नावावर दोन कादंबऱ्या, त्यातली दुसरी २०१४ची. तिसरी २०१७पासून पान ४३वर अडकलेली. अशा लेखिकेला परिसंवादाला कोण बोलावतंय? वकिलांचा फोन आला म्हणून निघाले. ‘बाई, मास्तर तिथंच असणार आहेत. मी लातूरहून येतोय, तुम्हाला नाशिकहून काय लांब? आता तरी या.’

‘आता तरी’ का, ते सांगायला थोडं मागे जायला हवं. २००६ साली एका नवलेखक कार्यशाळेत आम्ही तिघं एका बाकावर आलो. चोपड्याकडचे जिल्हा परिषदेचे मास्तर, लातूरचे वकील आणि मूळची वेंगुर्ल्याची, बदलीने नाशकात रुजलेली मी. त्यानंतर पाच-सहा वर्षं प्रकरण लिहून झालं की त्याच्या दोन झेरॉक्स काढायच्या आणि दोघांना कुरिअर करायच्या, असा शिरस्ता होता. समासात पेन्सिलीने मतं यायची. वकिलांचं अक्षर असं की त्यांचं मत समजून घ्यायला पुन्हा त्यांनाच फोन करावा लागे. त्यांची स्वतःची कादंबरी तेव्हाही शेवटच्या प्रकरणावर होती, आजही तिथंच आहे.

२०१२ मध्ये मास्तरांची पहिली कादंबरी छापायला जायची होती. त्यात पोरीला सासरी पाठवून बाप रिकाम्या बैलगाडीत एकटाच बसून राहतो, असा प्रसंग होता. बाप एवढंच म्हणतो, ‘गयी मन्ही आंडेर.’ आंडेर म्हणजे मुलगी. मी समासात लिहिलं, ‘वाचकाला कळणार नाही. गेली माझी लेक, असं करा.’ सगळ्या पुस्तकभर जिथं जिथं अहिराणी होती तिथं तिथं मी अशाच पेन्सिली मारल्या होत्या. पुस्तक आलं. सगळं प्रमाण मराठीत, अगदी नीटनेटकं. आणि बाप एखाद्या जुन्या नाटकातला वाटत होता. कुठं फारसं बोललं गेलं नाही त्याच्याबद्दल. पुढे मास्तरांचे फोन कमी झाले, मग बंदच. मी समजले ते समजले. बारा वर्षं ती पेन्सिल माझ्या मनात होती.

ठक्कर बाजारातून धुळ्याची एसटी धरली, अर्धं तिकीट. एकदा मालेगाव मागे पडलं की हवा कोरडी होत जाते. धुळ्याला गाडी बदलली. शेजारी दोन बायका कापसाच्या भावाबद्दल बोलत होत्या. पहिली दहा मिनिटं मला फक्त ‘कापूस’ कळला, पुढच्या अर्ध्या तासात बरंच कळायला लागलं. ‘वाचकाला कळणार नाही’ हे वाक्य मी लिहिलं तेव्हा माझ्या डोक्यात कुठला वाचक होता कोण जाणे.

संमेलन प्रताप महाविद्यालयाच्या आवारात होतं. साने गुरुजी याच गावच्या शाळेत शिक्षक होते, त्यामुळे त्यांचं नाव जिथं तिथं. अमळनेरला याआधीचं संमेलन १९५२ साली झालं होतं, कृ. पां. कुलकर्णी अध्यक्ष असताना. म्हणजे गावात ७२ वर्षांनी पाहुणे आले होते, आणि ते गावाच्या वागण्यात दिसत होतं. रिक्षावाल्याने मला ‘कवी का?’ असं विचारलं. नाही म्हटल्यावर त्याला जरा वाईट वाटल्यासारखं झालं.

अध्यक्ष रवींद्र शोभणे, म्हणजे कादंबरीकार, म्हणून त्यांच्या भाषणाला पुढे जागा धरून बसले. बाकी मांडवाचं काय सांगायचं? संमेलनाला गेलेल्या प्रत्येकाला ते माहीत असतं. कविकट्ट्यावर न संपणारी रांग, पुस्तकांच्या गाळ्यांत धूळ आणि गर्दी, आणि दर दहा पावलांवर ‘अरे, तुम्ही कधी आलात?’ माझ्या वयाच्या तीन लेखिका भेटल्या. तिघींनीही आधी गुडघ्यांची चौकशी केली, मग लेखनाची. एकीने तर सरळ सांगितलं, ‘मी सोडलं बाई लिहायचं, आता झोप छान लागते.’ मला तिचा क्षणभर हेवा वाटला.

मास्तर काही दिसेनात. वकील म्हणाले, ‘ते इथं कशाला सापडतील? विद्रोहीच्या मांडवात बघा.’ विद्रोही साहित्य संमेलनही त्याच दिवसांत अमळनेरातच होतं. शनिवारी दुपारी आम्ही तिकडे गेलो तर मास्तर पुस्तकांच्या टेबलाशी उभे. केस सगळे पांढरे, खांद्याला तीच शबनम. मी बारा वर्षं जुळवून ठेवलेलं वाक्य विसरले. तेच म्हणाले, ‘ताई, जेवलात का?’

त्यांनी आमची राहायची सोय चुलत बहिणीकडे केली होती. आक्कांनी दारातच ‘ये माय, बठ’ म्हणून हात धरला. संध्याकाळी अंगणात चुलीवर खापर चढलं. खापर म्हणजे मातीचं मोठं भांडं, ते जाळावर पालथं घालतात आणि त्याच्या पाठीवर मांडा भाजतात. पुरण भरलेली पोळी आक्कांनी आधी हातभर लाटली, मग उचलून दोन्ही हातांवर घेतली आणि या हातावरून त्या हातावर अशी झेलत राहिल्या. बघता बघता ती कोपरापर्यंत पसरली, इतकी पातळ की आतलं पुरण दिसावं. एकाच झटक्यात खापरावर. कुठं चीर नाही की सुरकुती नाही. हे सगळं करताना त्या माझ्याशी बोलत होत्या. ‘मन्ही आंडेर पुनामा शे.’ माझी मुलगी पुण्यात आहे.

मी मास्तरांकडे पाहिलं. ते भाकरीचा तुकडा शेवभाजीत बुडवत होते.

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, ‘किती गोड बोलतात आक्का. अगदी बहिणाबाईंची भाषा.’

‘ताई,’ मास्तर हसले, ‘बहिणाबाई आसोद्याच्या. त्यांची लेवा गणबोली. ही अहिराणी. तुम्हा लोकांना सगळं एकच वाटतं.’

मग मी सगळं बोलून टाकलं. पेन्सिल, बैलगाडी, आंडेर, बारा वर्षं. तुमचं पुस्तक मी बिघडवलं, असं म्हणाले. वकील मधे काही बोलणार होते, पण त्यांच्या तोंडात मांडा होता.

मास्तरांनी शांतपणे हात धुतले. म्हणाले, ‘तुम्ही सांगितलं म्हणून मी नाही काढलं. वकिलांनी उलट लिहिलं होतं, ठेवा म्हणून. मी तुमचं ऐकलं कारण मला तेच हवं होतं. ताई, वर्गात पोरगं अहिराणी बोललं की मी छडी काढायचो. शुद्ध बोल म्हणायचो. तो माणूस पुस्तकात कसं ठेवेल?’

‘आणि फोन का बंद केलात?’

‘बदली झाली, आई आजारी होती. तुम्हीही कुठं केलात?’

मला सुटल्यासारखं वाटलं आणि खरं सांगायचं तर थोडा अपमानही. बारा वर्षं मी स्वतःला त्या पुस्तकाची गुन्हेगार समजत होते, आणि गुन्ह्यात माझा वाटा निघाला एका निमित्तापुरता. वकील म्हणाले, ‘म्हणजे माझं अक्षर तुम्हाला लागलं होतं तर!’

रविवारी सकाळी तिघं तत्त्वज्ञान मंदिराकडे फिरायला गेलो. १९१६ साली प्रताप शेठजींनी उभी केलेली ही संस्था. तत्त्वज्ञानासाठी गिरणीमालकाने पैसे घालावेत, यावर वकिलांनी अर्धा तास घेतला. मास्तरांनी पिशवीतून कागद काढले. दुसऱ्या आवृत्तीची मुद्रितं. बापाचं वाक्य परत जागेवर आलं होतं. तळाला अर्थ दिला नव्हता.

‘कळेल?’ मी विचारलं, सवयीने.

‘तुम्हाला आक्का कळली ना?’ मग म्हणाले, ‘तुमच्याकडे मुलीला काय म्हणतात?’

‘मालवणीत? चेडू.’

‘आणि तुमच्या कादंबरीतली आजी नातीला काय म्हणते?’

माझ्या कादंबरीतली आजी वेंगुर्ल्याची. जन्मात तालुक्याबाहेर न गेलेली. पान ४३वर ती ओसरीत उभी राहून विचारते, ‘मुलगी कुठे गेली?’ सात वर्षं ती तिथंच उभी आहे, तिला उत्तर कुणी देत नाही.

मी काही बोलले नाही. वकील मोठ्याने हसले.

सोमवारी सकाळच्या गाडीला मास्तरांचा भाचा सोडायला आला, आक्कांनी दिलेल्या मांड्यांच्या घड्या सांभाळत. धुळ्याला खिडकीची जागा मिळाली. बाड मांडीवर घेतलं आणि ते एक वाक्य बदललं. ‘चेडू खय गेला?’ झालं. पण मग वरचं वाक्य खोटं वाटायला लागलं, म्हणून ते बदललं. त्याच्या खाली नात असं काहीतरी बोलते जे त्या घरात कुणी कधी बोललंच नसतं, तेही गेलं. मालेगाव येईपर्यंत अख्खं पान खोडून झालं होतं आणि बॉलपेन संपत आला होता.

मास्तरांना फोन लावला, उचलला नाही. सोमवार, अकराची वेळ, वर्गावर असतील.