गच्चीवरचं सोलर आणि चोराची एल-की

सोलर बसवायला आलेल्या पोरांना मी आधी विचारलं, एक पॅनेल काढायला किती वेळ लागतो? त्यांतला थोरला हसला आणि खिशातली एल-की, म्हणजे इंग्रजी L सारखा वाकवलेला छोटा पाना, दाखवली. पॅनेल चार-सहा क्लॅम्पवर, म्हणजे धातूच्या पकडींवर बसतं, क्लॅम्पचे बोल्ट एल-कीने सुटतात, की झालं. दाराला तीन कड्या, आणि वरचा एवढा ऐवज बाजारात कुठेही मिळणाऱ्या एल-कीच्या भरवशावर!

मग मी शिअर नट लावायला लावले. ठरलेल्या जोरापर्यंत आवळलं की त्याचं षटकोनी डोकं तुटून पडतं आणि मागे गुळगुळीत शंकू उरतो. पाना धरणार कशाला? पण मग उद्या पॅनेल बिघडलं तर आपल्यालाही लोखंड कापायचा ग्राइंडरच चालवावा लागतो, म्हणून सगळीकडे लावले नाहीत. दोन पॅनेलांच्या मधला क्लॅम्प दोघांनाही धरतो. पहिल्या दोन पॅनेलांमधल्या फटीपासून सुरू करून एकाआड एक फटीतले दोन्ही क्लॅम्प असे पक्के केले की रांगेतलं प्रत्येक पॅनेल एका बाजूने अडकतं. रांगेत पॅनेलं विषम असतील तर शेवटच्याचे टोकाचे क्लॅम्पही पक्के करायचे, नाहीतर नेमकं तेच जाईल.

कुणीतरी वेल्डिंग सुचवलंच. अजिबात नको. गॅल्व्हनाइज्ड लोखंडावरचा जस्ताचा थर जळतो आणि तिथूनच गंज धरतो. आणि पॅनेलच्या फ्रेमला नवं भोक पाडलं तर वॉरंटीवर पाणी.

‘मोबाइलवर सोलरचं अॅप आहे की, चोरी लगेच कळेल!’ हे तर सगळेच म्हणतात. अहो, अॅपला वीज किती बनते ते कळवणारा सोलरचा इन्व्हर्टर रात्री झोपलेला असतो, अॅपवर तसंही शून्यच दिसतं. चोरी कळणार सकाळी. शिवाय उन्हात त्या वायरींत शेकडो व्होल्ट डीसी असू शकतो, अंधारात जवळपास काहीच नसतो, म्हणजे चोराला रात्रच सोयीची. त्यामुळे फ्रेमच्या मूळच्या भोकांतून एक बारीक वायर ओवून बॅटरीवरच्या सायरनला जोडली. वायर तुटली की सायरन. कॅमेराही आहे, पण त्याच्या खांबाची सावली काचेवर पडणार नाही, अशा बाजूला. एवढ्याशा सावलीनेही वीज घटते.

अजून पॅनेलं चढवली नसतील तर मागच्या स्टिकरवरच्या सीरियल नंबरचे फोटो आत्ताच काढा. नंतर तिथे मान जात नाही, आणि पोलिस काय, विमावाले काय, पहिल्यांदा तोच मागतात.

एवढं सगळं करूनही माझा जास्त भरवसा शिडीवर आहे. दोन मीटरहून लांब, वीस-पंचवीस किलोची काच अंधारात खाली उतरवायची तर दोन माणसं आणि धड वाट लागते. बाहेरच्या लोखंडी शिडीला म्हणून जाळीचं दार केलं, कुलूप घातलं. पॅनेलं धुवायच्या दिवशी घरात किल्लीवरून कुरकुर होते. होऊ दे, किल्ली माझ्याच कपाटात राहील.