कोल्वेझीच्या कंट्रोल रूममधला वाद

काँगोच्या दक्षिण भागात, कोल्वेझी शहराबाहेरच्या एका तांबे-कोबाल्टच्या प्लांटवर मी इलेक्ट्रिकल विभागाचं काम बघतो. आफ्रिकेतल्या राजकीय पडझडीला जबाबदार कोण, राज्य करून गेलेले गोरे की त्यांच्यामागून आलेले स्थानिक पुढारी, हा वाद इथल्या भारतीयांच्या दिवाळीच्या जेवणातही रंगतो. पण तिथे वाद घालणाऱ्यांचं त्यात स्वतःचं काही गेलेलं नसतं. ज्यांचं त्यात घरदार गेलं अशा दोन माणसांच्या तोंडून तो मी डिसेंबर २०२२ मधल्या एका रात्री ऐकला.

कटांगात, म्हणजे आमच्या या खाणपट्ट्यात, नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत पाऊस असतो आणि त्याच्याबरोबर विजा. रात्री दहाच्या सुमाराला आमच्या लाइनवर वीज पडली, सबस्टेशनमधला एक लाइटनिंग अरेस्टर, म्हणजे विजेचा झटका जमिनीत उतरवणारं उपकरण, फुटला आणि अख्खा प्लांट बसला. पहिला तासभर कुणाला मान वर करायला फुरसत नव्हती. टँकहाऊसमध्ये, म्हणजे जिथे करंटने पत्र्यांवर तांबं चढवतात तिथे, काम चालू असताना करंट पूर्ण तुटला तर शिशाचे अ‍ॅनोड खराब होतात, त्यामुळे डिझेल जनरेटरवरून थोडा करंट चालू ठेवावा लागतो. थिकनरचा, म्हणजे गाळ खाली बसवायच्या टाकीचा, रेक थांबला तर गाळ बसून तो रुततो. लीचिंगच्या, म्हणजे अ‍ॅसिडमध्ये धातू विरघळवायच्या, टाक्यांतले अ‍ॅजिटेटर आळीपाळीने फिरवत राहायचे. हे सगळं मार्गी लागल्यावर मात्र हातावर हात ठेवून बसण्यावाचून इलाज नव्हता, कारण आकाशात विजा नाचत असताना माणूस यार्डात पाठवता येत नाही.

कंट्रोल रूममध्ये आम्ही तिघं होतो. शिफ्ट सुपरवायझर साठी ओलांडलेले, त्यांना सगळे ‘पापा’ म्हणतात. त्यांचे वडील बेल्जियन काळात युनियन मिनिएर या कंपनीच्या खाणीत होते, आणि पापांचंही आयुष्य खाणीतच गेलं. दुसरी आमची प्रोटेक्शन इंजिनिअर, तिशीच्या आतली, लुबुंबाशी विद्यापीठातून शिकलेली. तिचं घराणं मूळचं कासाई प्रांतातलं. पापा अस्सल कटांगाचे. या दोन गोष्टी एका वाक्यात आल्या की इथल्या माणसाला पुढचं बरंच काही न सांगता कळतं.

वादाला तोंड फुटलं ते इंगाच्या लाइनवरून. काँगो नदीच्या मुखाजवळ इंगाची जलविद्युत केंद्रं आहेत. तिथून कोल्वेझीपर्यंत सुमारे १७०० किलोमीटरची डीसी लाइन येते. १९७०च्या दशकात हुकूमशहा मोबुटूच्या राजवटीत ती बांधायला घेतली आणि सुरू झाली तेव्हा जगातली सर्वांत लांब लाइन होती. ती गावामागून गावं ओलांडत येते, पण वाटेत कुठेही उतरत नाही. एसी लाइनवर उपकेंद्र टाकून गावाला वीज देता येते. एवढ्या मोठ्या डीसी लाइनमधून तशी वीज काढायची तर मध्ये डीसीचं एसी करणारं कन्व्हर्टर स्टेशन लागतं, आणि त्याचा खर्च कुठल्याच गावाच्या आवाक्यातला नाही. माणसं तारांखाली माकाला, म्हणजे लाकडी कोळसा, जाळतात. मनोऱ्यांचे लोखंडी अँगल लोकांनी कापून नेले, त्यांची फावडी-खाटा झाल्या. मी कराडकडचा. कोयनेची वीज मुंबईला जात असताना धरणग्रस्तांची गावं कशी होती हे आमच्याकडच्या म्हाताऱ्यांनी पाहिलेलं आहे, त्यामुळे ते दृश्य मला परकं वाटलं नाही.

रिलेचा फॉल्ट रेकॉर्ड उतरवता उतरवता ती म्हणाली, “पापा, तुम्ही नेहमी त्या बेल्जियन राजाचं, लिओपोल्डचं नाव घेता. ही लाइन लिओपोल्डने बांधली? लुआलाबा नदीवर, अगदी इथे शेजारी, नझिलो आणि नसेकेची धरणं होतीच. कटांगातच आणखी वीज करता आली असती. पण मोबुटूला कटांगाचा स्विच कटांगाबाहेर हवा होता.”

तिचं म्हणणं वावगं नव्हतं. ११ जुलै १९६० ला, स्वातंत्र्यानंतर दोन आठवड्यांच्या आत, चोंबे या पुढाऱ्याच्या नेतृत्वाखाली कटांगा फुटून निघाला होता. तो पुन्हा फुटू नये म्हणून मोबुटूने त्याची वीज सतराशे किलोमीटरवर नेऊन बांधली, असं अनेक अभ्यासकांनीही लिहून ठेवलं आहे.

पापांनी उत्तर द्यायला वेळ घेतला नाही. “आणि त्या लाइनचं कर्ज कुणाचं? अमेरिकेचं. कंत्राट कुणाला? अमेरिकनांना. मोबुटूला हाताशी कुणी धरलं? पोरी, तू गोष्ट मधूनच सुरू करतेस. पहिलं पान वाच.”

मग त्यांनी पहिलं पान वाचून दाखवलं. ३० जून १९६० ला स्वातंत्र्य मिळालं तेव्हा सबंध देशात काँगोली पदवीधर वीससुद्धा नव्हते. सैन्यात एकही काळा अधिकारी नव्हता. ५ जुलैला बेल्जियन सेनापती यान्सेन्सने सैनिकांसमोर फळ्यावर लिहिलं : ‘स्वातंत्र्यापूर्वी = स्वातंत्र्यानंतर’. त्या दिवशी बंडाला सुरुवात झाली. आठवड्यात कटांगा फुटला, त्याच्या पाठीशी बेल्जियन सैन्य आणि युनियन मिनिएरचा पैसा. निवडून आलेला पंतप्रधान पात्रिस लुमुंबा, त्याला सव्वादोन महिनेही मिळाले नाहीत. १७ जानेवारी १९६१ ला त्याला लुबुंबाशीजवळ शिलातेंबो इथे बेल्जियन अधिकाऱ्यांच्या देखत गोळ्या घातल्या आणि मग प्रेत अ‍ॅसिडमध्ये विरघळवलं. एका बेल्जियन पोलिसाने त्याचा दात काढून घरी नेला. तो दात बेल्जियमने जून २०२२ मध्ये परत केला.

“त्याची शवपेटी शिलातेंबोला आणली तेव्हा मी कोल्वेझीहून गेलो होतो,” पापा म्हणाले. “माझा बाप चोंबेचा माणूस. कटांगा वेगळा हवा म्हणणारा. त्याने जन्मभर लुमुंबाचं नाव चांगल्या तोंडाने घेतलं नाही. मी गेलो तो त्याच्या वतीने. तुम्ही म्हणता आमचं नेतृत्व नालायक निघालं. जे आम्ही निवडलं होतं ते ठेवलं कुठे?”

माझ्याकडे वळून ते म्हणाले, “आणि शेफ, माझ्या बापाच्या लेखी तुमचे लोकही शत्रू होते.” तेही खरंच होतं. संयुक्त राष्ट्रांच्या सैन्यात आलेली भारतीय ब्रिगेड कटांगाच्या फुटीर सैन्याशी लढली. कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया ५ डिसेंबर १९६१ ला याच लुबुंबाशीत, तेव्हाच्या एलिझाबेथव्हिलमध्ये, धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं. भारतात शाळेच्या भिंतीवर पाहिलेला तो फोटो पापांच्या घरात शत्रूच्या बाजूचा होता. मला हे आधी माहीत असूनही समोरच्या माणसाकडून ऐकताना वेगळं वाटलं.

ती मात्र हलली नव्हती. “बेल्जियमचा राजा जूनमध्ये आमच्या विद्यापीठात येऊन बोलला. खेद व्यक्त केला. मी ऐकलं. पापा, मला त्याच्याकडून काही नको. माझ्या आजोबांना युनियन मिनिएरने कासाईतून इथे मजुरीला आणलं, हे पहिल्या पानावर आहे, कबूल. पण १९९३ मध्ये माझी आई कोल्वेझी स्टेशनवर दोन लहान मुलांना घेऊन पडून राहिली, गाडी मिळेपर्यंत. तिला घरातून काढणारे बेल्जियन नव्हते. शेजारी होते. भडकवणारा आपलाच राज्यपाल होता.”

त्या काळाबद्दल थोडं सांगायला हवं. खाणींना माणसं हवी होती आणि स्थानिक लोक पुरेसे मिळत नव्हते, म्हणून बेल्जियन कंपनीने कासाईतून माणसं आणली. पुढे त्यांच्यातले शिकलेले कारकून, फोरमन झाले. कागदोपत्री कोण कुठल्या जमातीचा याची नोंद वसाहतीच्या काळापासून ठेवली जायची. तीस वर्षं ही माणसं एकत्र राहिली. १९९२ मध्ये राष्ट्रीय परिषदेने मोबुटूचे विरोधक, कासाईचे एतिएन चिसेकेदी यांना पंतप्रधान केलं. विरोधकांत फूट पडली तर मोबुटूला ती हवीच होती. कटांगातल्या पुढाऱ्यांनी ‘परके निघा’ची हाळी दिली, मोबुटूच्या सैन्याने बघ्याची भूमिका घेतली आणि लाखो कासाईकर घरं टाकून निघाले. लिकासी आणि कोल्वेझीच्या स्टेशनांवर ते महिनोन्‌महिने उघड्यावर राहिले. रोगराईने अनेक दगावले. आमच्या इंजिनिअरचं घराणं पुढे परतलं. तिचा जन्म त्यानंतरचा.

पापा म्हणाले, “मी त्या वेळी आमच्या कामगार वसाहतीत होतो. आमच्या शेजारचं घर रिकामं झालं. मी दार लावून आत बसलो होतो. कुणाला हात लावला नाही आणि कुणाला वाचवलंही नाही.”

“त्या दारामागे बेल्जियम नव्हतं,” ती म्हणाली.

“नव्हतं. मी होतो.”

माझ्या मते त्या रात्रीचा सगळा वाद या दोन वाक्यांत होता. जमातींची वाटणी कागदावर मांडणारा हात बेल्जियमचा. तो कागद तीस वर्षांनी कपाटातून काढून माणसांवर चालवणारा हात इथला. दुसऱ्या हाताचं नाव घेतल्याने पहिला सुटत नाही, हे पापांना सांगायची गरज नव्हती. पण पहिल्या हाताची ओरड चालू असली की दुसरा हात आपलं काम निवांत उरकतो, हे ती सांगत होती, आणि ते पापांनी ऐकून घेतलं.

मग तिने मला विचारलं, “तुमच्यावरही इंग्रज होते. तुमचं असं का झालं नाही?”

हा प्रश्न आफ्रिकेत काम करणाऱ्या प्रत्येक भारतीयाला कधी ना कधी विचारला जातो, आणि आपल्यातले बरेच जण तो ऐकून छाती फुगवतात. ते मला पटत नाही. पहिलं म्हणजे आपलंही झालं. १९४७ च्या गाड्या त्यांच्या १९९३ च्या गाड्यांपेक्षा वेगळ्या नव्हत्या. दुसरं, मी तिला दोन तारखा सांगितल्या. १८८५ मध्ये लिओपोल्डने काँगो ही आपली खासगी मालमत्ता म्हणून जगाकडून मान्य करून घेतली. त्याच वर्षी डिसेंबरात मुंबईत गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत काँग्रेसचं पहिलं अधिवेशन भरलं. आम्हाला तिथून स्वातंत्र्यापर्यंत बासष्ट वर्षं मिळाली. सभा घ्यायला, भांडायला, फुटायला, परत एक व्हायला, निवडणुका लढवायला. मुंबई विद्यापीठ १८५७ चं. इथे लुमुंबाचा पक्ष स्थापन झाला ऑक्टोबर १९५८ मध्ये, आणि पावणेदोन वर्षांत त्याच्या हातात युरोपच्या कितीतरी देशांएवढा प्रदेश आला. नेतृत्व कमी प्रतीचं होतं असं म्हणणाऱ्याने आधी त्याला किती काळ मिळाला ते मोजावं.

यावर पापा खूश झाले. ती झाली नाही. “मग १९६७ नंतर?” ती म्हणाली. “खाणी आपल्या झाल्या. युनियन मिनिएरची सरकारी जेकामिन झाली. तीस वर्षं मोबुटू होता. ऐंशीच्या दशकात वर्षाला साडेचार लाख टनांच्या वर तांबं निघायचं, नव्वदच्या दशकात त्याचा दहावा हिस्सा उरला नाही. यंत्रांच्या देखभालीचा पैसा गेला कुठे? मोबुटूच्या गावी, बदोलितेच्या जंगलात, विमानतळ आणि महाल बांधायला. तेव्हा तर काळ मिळाला होता ना, शेफ?”

मिळाला होता. त्या तीस वर्षांचं खापर मी बेल्जियमवर फोडायला तयार नाही. १९७३ मध्ये परदेशी लोकांची दुकानं-मळे काढून आपल्या गोतावळ्यात वाटून टाकले, त्यावर सही मोबुटूची आहे. शीतयुद्धात त्याला वॉशिंग्टन आणि पॅरिसने पोसलं हे खरं, १९७८ मध्ये याच कोल्वेझीवर फ्रेंच छत्रीधारी सैनिक उतरले तेही खरं. पण पगार न मिळालेल्या शिक्षकाचा पगार त्यांनी अडवलेला नव्हता. मला दोन्ही हिशेब वेगळ्या वह्यांत ठेवावेसे वाटतात. १९६०-६१ची वही बेल्जियमच्या नावाची आहे आणि ती बंद झालेली नाही. खेद म्हणजे भरपाई नव्हे. १९६७ नंतरची वही किन्शासाच्या, म्हणजे इथल्या राजधानीच्या, नावाची. एकीची बाकी दुसरीत वळती करता येत नाही.

पहाटे तीनच्या सुमाराला विजा दूर गेल्या. अरेस्टर बदलला, मेगरने इन्सुलेशन तपासून पाहिलं, सहाला लाइन घेतली आणि एकेक फीडर चढवत गेलो. त्या वेळात वादाचा विषयही निघाला नाही.

निघाला तो शिफ्ट सुटताना, आणि तिनेच काढला. २०१८ च्या खाण कायद्यात रॉयल्टीची वाटणी ठरलेली आहे : ५० टक्के केंद्राला, २५ प्रांताला, १५ खाण जिथे आहे त्या स्थानिक संस्थेला आणि १० भावी पिढ्यांच्या निधीला. “हा कायदा आपल्या संसदेने केला,” ती म्हणाली. “कुठल्या राजाने नाही. त्या १५ टक्क्यांचं काय होतं ते मला बघायचंय.”

“तो होऊ नये म्हणून मोठमोठ्या परदेशी कंपन्यांचे प्रमुख किन्शासाला जाऊन बसले होते, तेही लक्षात ठेव,” पापा म्हणाले.

“ठेवते. तुम्ही येता का?”

पुढच्या सुट्टीच्या दिवशी दोघं आपल्या वस्तीच्या कार्यालयात गेले. तिथल्या कारकुनाने लेखी अर्ज मागितला. अर्ज पापांनी लिहिला, कारण त्यांचं फ्रेंच जुन्या मिशनरी शाळेतलं, तिच्यापेक्षा भारदस्त. किती रक्कम जमा झाली, कुठल्या कामावर गेली, ठेके कुणाला दिले, असे तीन प्रश्न. खाली दोघांच्या सह्या आणि पोच म्हणून शिक्का. त्याची झेरॉक्स तिने मला फोनवर पाठवली आणि विचारलं, भारतात माहिती मागायचा कायदा आहे म्हणतात, त्यात उत्तर द्यायला किती दिवसांची मुदत असते? मी लिहिलं, तीस. तिने तेवढी मुदत दुसऱ्या अर्जात घालायचं ठरवलं.