मायचं लुगडं आणि दासोपंतांची पासोडी

कॉलेजच्या स्मरणिकेसाठी लिहा असं पत्र आलं आणि आठवले ते फक्त आपले मराठीचे सर. नाव लिहायची गरज नाही. त्या काळी अंबाजोगाईत नुसतं 'सर' म्हटलं तरी पुरायचं.

1984 साली बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला मराठी घेतलेले आम्ही सातजण. अंबाजोगाईचे संतकवी दासोपंत शिकवताना सर म्हणाले, त्यांनी 'पंचीकरण' हा ग्रंथ ज्या जाड कापडावर लिहिला, ती पासोडी सुमारे 40 फूट लांब. आम्ही लिहून घेतलं. सरांनी वह्या मिटायला लावल्या. "40 फूट म्हणजे किती, दाखवा." कुणाला दाखवता येईना. "उद्या कुणीतरी घरून लुगडं आणा."

माझं गाव जवळचं, म्हणून काम माझ्याकडे आलं. "कालेजात लुगडं कशाला लागतं गं?" असं म्हणत मायनं दिलं मात्र ठेवणीतलं.

ग्रंथालयासमोरच्या व्हरांड्यात सरांनी ते अंथरलं. नऊ वार, म्हणजे 27 फूट. मग पदरापासून पावलं मोजत पार कोपऱ्यातल्या खांबापर्यंत गेले आणि तिथून ओरडले, "दासोपंत इथवर लिहीत आले होते!" लुगड्याच्या काठाकाठानं चालत आम्ही पंचीकरण वाचलं. इतिहासवाले दारातून हसत होते. या गडबडीत सरांच्या पेनातून शाई गळली, नेमकी काठावर. दुसऱ्या दिवशी सरांनी साबणाची वडी आणून दिली. डाग काही गेला नाही.

त्या रविवारी अंबाजोगाईतल्या दासोपंतांच्या देवघरात खरी पासोडी पाहिली. तिचा थोडाच भाग बघायला मिळाला, पण उरलेली किती हे माझ्या पायांना ठाऊक होतं.

पुढे मी महसूल खात्यात लागले, नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झाले. बांधाच्या भांडणात कागद बाजूला ठेवून आधी शेत चालून यायची खोड मला सरांनीच लावली. भाची सध्या अमेरिकेत एका लहानशा लिबरल आर्ट्स कॉलेजात शिकते. वर्गात पंधराच जण, असं कौतुकानं सांगते. फीचा आकडा ऐकून मी गप्प बसते. आम्ही सात होतो, बाई!

नोकरीत असताना सरांना भेटायचं दर दिवाळीला ठरवायची. राहूनच गेलं.

त्या लुगड्याची पुढे मायनं वाकळ शिवली. शाईचा डाग आतल्या बाजूला घेतलाय. कार्यक्रमाला येताना आणते. व्हरांड्यातला तो खांब अजून आहे ना?